नऊची शाळा आणि पहाटेचा नळ

राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्णय काढला आणि पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळांचा विचार करा, असं सुचवलं होतं. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून निर्णय लागू झाला. तो योग्यच होता. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत दिवसच सातच्या सुमारास उजाडतो. साडेसातच्या शाळेसाठी पाच-सहा वर्षांच्या लेकराला अंधारात उठवायचं आणि कुडकुडत रिक्षात बसवायचं, हा त्या जिवावर अन्यायच होता.

पण घंटा पुढे जाऊनही कितीतरी घरांतली सकाळ होती तशीच आहे. आईचा आवाज चढलेला, लेकरू रडवेलं, दुधाचा पेला अर्धा, मोज्याचा एकच पाय सापडलेला आणि दाराशी हॉर्न. मग दोष येतो आईवर. ‘लवकर उठायला काय होतं?’ हा प्रश्न सासरी, माहेरी, शाळेच्या फाटकावर, सगळीकडे तिलाच विचारला जातो. मला हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. शाळेची सकाळ चार वेळांवर चालते: शाळेची घंटा, रिक्षाची फेरी, नळाची वेळ आणि घरातल्या कामाची वाटणी. पहिल्या तीन तिच्या हातात नाहीत आणि चौथी तिच्या एकटीच्या हातात नाही.

रिक्षापासूनच बघा. एका रिक्षात आठ घरांची मुलं आहेत असं धरू. शाळा नऊची, पावणेनऊला फाटकाशी सोडायचं. प्रत्येक दारात दोन मिनिटं गेली तर नुसत्या थांबण्यात सोळा मिनिटं जातात. एका घरी चार मिनिटं लागली की पुढच्या सगळ्यांना उशीर. रिक्षावाल्या काकांना हे पाठ असतं, म्हणून ते पहिल्या घराला पावणेआठची वेळ देतात. नऊच्या शाळेचं मूल पावणेआठला बूट घालून उभं! सरकारने दिलेला वेळ असा रस्त्यातच संपतो. वर त्या पहिल्या घरावर दुहेरी भार पडतो, कारण रिक्षा येताना लांबून जवळ येते आणि परतताना जवळून लांब जाते. सकाळी पहिलं चढणारं मूल दुपारी सगळ्यात शेवटी उतरतं.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्हींना पैसा लागत नाही. आठ दारांऐवजी तीन कोपरे ठरवायचे. प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन घरांची मुलं एका मोठ्या माणसासोबत उभी राहतील. सोळा मिनिटांची सहा होतात. दुसरं, ज्या क्रमाने मुलं सकाळी घेतली त्याच क्रमाने दुपारी सोडायची. काकांना वळसा थोडा पडेल, पण रिक्षात बसण्याचा वेळ सगळ्यांना सारखा येईल. शाळेच्या वाहनांसाठी राज्यात २०११ चे नियम आहेत आणि त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असं म्हटलं आहे. थांबे आणि क्रम हा या समितीच्या पहिल्या बैठकीचा विषय व्हायला हवा. आज हे सगळं काका आणि पालक यांच्यात फोनवर परस्पर ठरतं, आणि जो जास्त बोलतो त्याचं दार शेवटी येतं.

आता झोप. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास सांगितले: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या डुलकीसह १० ते १३, सहा ते बारा वर्षांच्यांना ९ ते १२. साडेसहाला उठणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला, दुपारी झोपत नसेल तर, रात्री साडेआठला झोप लागलेली हवी. अंथरुणावर पडल्यावर डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे आठ-सव्वाआठला दिवा बंद. आपल्याकडे अडचण इथेच येते. बाप दुकानातून, शेतातून, एमआयडीसीतून येतो साडेआठ-नऊला, आणि घरचा माणूस आल्याशिवाय ताटं वाढायची नाहीत ही रीत. मूल नऊला जेवतं, जेवल्यावर मोबाइल मागतं, साडेदहाला झोपतं. मग सकाळी ते उठत नाही, आणि ‘आळशी आहे’ असं आपणच म्हणतो.

लेकरांची ताटं सव्वासातला वाढावीत. यात मोडतं काहीच नाही. बापाची आणि लेकराची भेट तेवढी हुकते. ती भेट सकाळी करता येते, आणि ती कशी करायची ते पुढे येईलच.

पाण्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं, कारण मराठवाड्याच्या सकाळचा कणा तोच आहे. आपल्या अनेक शहरांत नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. आला की कधी पहाटे साडेपाचला, कधी रात्री अकराला. ज्या दिवशी पहाटे येतो त्या दिवशी तासभर घरातले सगळे हात पाइपाला जुंपलेले असतात. मोटार लाव, टिपाड भर, हौद भर, वरच्या टाकीचा कॉक फिरव, पिण्याचं वेगळं गाळून ठेव. सव्वासहाला धार बारीक होते, तेव्हा आईने अजून चूल किंवा गॅस पेटवलेला नसतो. त्या दिवशीचा उशीर ठरवला तो व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वेळापत्रकाने.

म्हणून माझी पहिली मागणी नगरपालिकांकडे आहे. पाणी वाढवा ही मागणी वेगळी आणि मोठी आहे. इथे नुसती पाळी बदला एवढंच म्हणणं आहे. कोणत्या भागाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे जलकुंभ भरण्याच्या वेळेवर अवलंबून असतं, हे खरं. पण भागांचा क्रम बदलायला एक थेंबही जास्त लागत नाही. शाळेच्या दिवसांत सहा ते साडेआठ ही वेळ एकाच वस्तीच्या वाट्याला सतत येऊ नये, पाळी फिरती असावी. दुपारचं पाणी हा उपाय नाही, कारण मजुरीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. संध्याकाळी पाच ते आठ ही सगळ्यात सोयीची वेळ: घरात माणसं असतात आणि मोठी पोरंही हाताशी येतात. आणि जलवाहिनी फुटली, वीज गेली, वेळ चुकणार असं दिसलं, तर ते आदल्या संध्याकाळी सहाच्या आत कळवावं. पहाटे पाचला तोटीला कान लावून बसलेल्या घराला निदान झोप तरी मिळेल.

घराने आपल्या बाजूने मोजणी करावी. दोन मोठी, दोन लहान अशा घराला सकाळी साडेआठपर्यंत किती पाणी लागतं? बादलीने आंघोळ माणशी १५ लिटर, म्हणजे ६०. संडासाला माणशी सहा, म्हणजे २४. भांड्यांना १५, स्वयंपाकाला पाच, पिण्याला आणि बाटल्यांना पाच-सहा. बेरीज ११० लिटरच्या आसपास. याचा अर्थ २०० लिटरच्या टिपाडात निम्म्याहून थोडं जास्त पाणी रात्री शिल्लक असेल, तर सकाळ नळाच्या भरवशावर राहत नाही. टिपाडाच्या आत त्या उंचीवर एक रेघ मारून ठेवावी आणि संध्याकाळनंतर पाणी रेघेखाली जाऊ द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या लातूरकरांना अशी मोजणी नवी नाही.

या ११० लिटरमधले ३० लिटर सरळ कमी करता येतात: लहान मुलांची आंघोळ संध्याकाळी घालावी. ‘आंघोळीशिवाय शाळेत पाठवायचं?’ असं घरातली मोठी माणसं विचारतील. त्यांचा मान राखून सांगावंसं वाटतं की, लेकरू धुळीत माखतं ते दिवसभरात, रात्री अंथरुणात नाही. संध्याकाळी सहाला आंघोळ झालेलं मूल स्वच्छ अंगाने झोपतं, लवकर झोपतं, आणि सकाळी तोंड-हात-पाय धुऊन, केस विंचरून पाच मिनिटांत तयार होतं. ज्या घरी सकाळचीच आंघोळ हवी, त्यांनी पाणी तापवण्याचा हिशोब धरावा. १५०० वॉटचा रॉड १५ लिटर पाणी २० अंशांवरून अंगाला सोसवेल इतकं, म्हणजे ४२ अंशांपर्यंत, न्यायला पंधरा मिनिटं घेतो. बादली उघडी असेल तर दोन-तीन जास्त. हजार वॉटचा असेल तर तेवीस-पंचवीस. दोन मुलांच्या दोन बादल्या एकामागून एक तापवत बसलं की अर्धा तास गेला. त्यापेक्षा एकच बादली चांगली कडक तापवून तेवढंच गार पाणी मिसळावं. ६० अंशांचं दहा आणि २० अंशांचं दहा मिळून ४० अंशांचं वीस लिटर होतं, आणि लहानग्या दोघांना तेवढं भरपूर होतं. रॉड खुणेपर्यंत बुडालेला हवा, नाहीतर कॉइल जळते. बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड काढायचा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावायचा. घाईच्या सकाळी हाच क्रम चुकतो, म्हणून रॉड चालू असेपर्यंत मूल न्हाणीत नको. खेड्यात बंब असेल तर तुराट्या-पऱ्हाट्या रात्रीच बाजूला काढून कोरड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात ओलं सरपण पेटवण्यातच वीस मिनिटं जातात.

एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, ती म्हणजे मुलांचं पोट साफ होणं. काही खाल्लं-प्यालं की आतड्यांना चालना मिळते आणि थोड्या वेळाने शौचाची भावना होते. लहान मुलांत दूध प्यायल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत हे घडतं. म्हणजे ज्या मुलाला दूध पाजून लगेच रिक्षात बसवलं, त्याला शी लागते ती रिक्षात किंवा पहिल्या तासाला. शाळेच्या संडासात पाणी नसेल, कडी लागत नसेल, तर मूल दाबून धरतं. रोज दाबून धरलं की मल कडक होतो, जाताना दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी टाळतं. मग भूक मंदावते, डबा परत येतो, आणि ‘हा जेवतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. दूध आधी आणि मग वीस मिनिटं मोकळी, एवढं जरी सकाळच्या क्रमात बसवलं तरी पुष्कळ सुधारतं. दूध पाजून, संडासात बसवून पाच मिनिटं नुसतं बसू द्यावं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा. मूल उठवायची वेळ ठरवताना या वीस मिनिटांना कात्री लावायची नाही. कपडे, बूट, वेणी यांतून वेळ वाचवता येतो, यातून नाही.

डब्याचं गणित आपल्याकडे ज्वारीमुळे वेगळं आहे. गव्हाची कणीक रात्री मळून, तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवता येते. सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढली की पोळ्या चांगल्या होतात. ज्वारीच्या पिठाला ही सवलत नाही. त्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो. कोमट पाण्यात मळलं की लगेच थापायचं. मळून ठेवलेल्या पिठाची भाकरी परातीतच चिरते, आणि पीठ जुनं, विरी म्हणजे चिकटपणा गेलेलं असेल तर तव्यावर टाकतानाच तिचे दोन तुकडे होतात. ज्या घरात सकाळी सहा भाकरी थापायच्या, तिथे वीस मिनिटं हात अडकलेलाच. म्हणून मुलांच्या डब्याला धपाटे बरे. ज्वारीच्या पिठात बेसन, तिखट, मीठ, तीळ, कोथिंबीर घालून संध्याकाळच्या तव्यावरच दोन जास्तीचे करून ठेवावेत. थंडीत ते दुसऱ्या दुपारपर्यंत मऊ राहतात. उन्हाळ्यात पीठ दह्याऐवजी पाण्यात भिजवावं, नाहीतर आंबूस वास येतो. घरी खाऊन जायचं असेल तर सुशीला: मुरमुरे भिजवून पिळून ठेवले आणि फोडणी दिली की दहा मिनिटांत ताटली तयार.

गरम पोळी डब्यात घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि मधल्या सुट्टीत मुलाच्या हाताला लगदा लागतो. डबा दहा मिनिटं उघडा ठेवून मग लावावा. पोळीचे चार तुकडे आधीच करावेत. पाच वर्षांच्या मुलाला एका हाताने पोळी तोडता येत नाही, आणि सुट्टी पंधरा-वीस मिनिटांचीच असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीसाठी त्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं ठरलेलं आहे. पण सकाळी उपाशी आलेलं मूल तोवर पेंगतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या नाश्त्याची शिफारस आहे, आणि गरम अन्न शक्य नसेल तिथे गूळ-शेंगदाणे किंवा गूळ-चणे चालतील असंही म्हटलं आहे. मराठवाड्यात यासाठी कुठून काही मागवायला नको. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा शाळा भरताना हातावर ठेवला, तर हजारो घरांची सकाळ हलकी होईल. धोरणात लिहिलेली ही गोष्ट अजून कागदावरच राहावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कपडे-दप्तराबद्दल थोडक्यात. मोजे धुऊन वाळले की जोडी करून थेट बुटात खोचायची. कपाटात ठेवले की एक हरवतोच. गणवेश घालायच्या क्रमाने रात्री खुर्चीवर: वर बनियन, मग शर्ट, खाली पँट. दप्तर मुलाने स्वतः भरावं आणि ते रात्रीच दाराशी ठेवावं. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो. एकदा ताणकाट्यावर अडकवून पाहावं. पावसाळ्यात दोन गणवेश पुरत नाहीत, वाळतच नाहीत. श्रावण-भाद्रपदात शाळेने साध्या कपड्यांचा एक वार द्यायला काहीच हरकत नाही.

आता बापाचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात असं दिसलं, पुरुष ८८. आपल्या घरांत पुरुष सकाळी ‘मदत’ करतात, आणि तिथेच घोळ होतो. ‘मोजे कुठेत गं?’ असं विचारत केलेलं काम बाईच्या डोक्यातून उतरत नाही, तिला फक्त दोनदा उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा एक अख्खं काम बापाकडे असावं: उठवण्यापासून बूट घालण्यापर्यंत लेकरू त्याचं. बाटली कुठे आहे, शनिवारी कोणता गणवेश असतो, कोणतं बटण सैल झालंय, हे त्यालाच माहीत असायला हवं. रात्री लेकराची भेट हुकली ती इथे होते, आणि अर्ध्या तासाची होते.

शाळांकडे मागणं आहे ते निरोपांबद्दल. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ‘उद्या हिरव्या रंगाची वस्तू आणावी’ असा निरोप येतो आणि घर सकाळी सातला हिरवी वस्तू शोधत फिरतं. आठवड्याचे सगळे निरोप शुक्रवारी एकाच कागदावर द्यावेत. अगदीच तातडीचं असेल तर संध्याकाळी सहापर्यंत. आणि चौथीपर्यंतच्या मुलाला उशिरासाठी फाटकाबाहेर उभं करू नये. पाच वर्षांच्या मुलाला उशीर होत नसतो, त्याला उशिरा आणलं जातं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. हे ठराव त्यांनी मांडावेत.

बीडसारख्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कोयत्यावर जातात आणि लेकरं आजीजवळ राहतात. शाळेच्या गटात नंबर असतो बापाचा. निरोप कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात वाजतो आणि आजीला काहीच कळत नाही. अशा मुलांची यादी करून शाळेने निरोप कागदावर, मुलाच्या हातात द्यावा. आजी वाचू शकत नसेल तर शेजारच्या वरच्या वर्गातल्या मुलीने संध्याकाळी तो वाचून दाखवावा, हे वर्गातच ठरवून द्यावं. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे ते कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी उघडायला हवं. नंतर उघडलं तर मधल्या दिवसांत लेकरू फडावर पोचलेलं असतं आणि शाळा सुटते ती सुटतेच.

उन्हाळ्यात मात्र नऊचा आग्रह मी धरणार नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. नऊला भरलेली शाळा दुपारी सुटली की लेकरं भर उन्हात पत्र्याच्या रिक्षात बसतात. त्या दिवसांत सकाळचीच शाळा बरी. पण शाळा सकाळची होते त्या दिवशी घरं अचानक साडेपाचचा गजर लावतात आणि पहिला आठवडा रडण्यात जातो. झोप एका दिवसात पुढे-मागे होत नाही. बदलाची तारीख शाळेने निदान बारा दिवस आधी सांगावी, आणि घरांनी दर दोन दिवसांनी जेवण, अंथरूण आणि उठणं तिन्ही पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावं. बारा दिवसांत दीड तास सरकतो. संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो आणि गच्चीवर मुलं खेळत असतात, तेव्हा झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावावी आणि फरशीवर पाणी मारून पंखा आधीच सुरू ठेवावा. तापलेल्या खोलीत साडेसातला मूल झोपत नाही, कितीही थोपटलं तरी.